राखीव जागेची किल्ली

मुलुंड पूर्व
९ जून २०२५

नलू,

आशीर्वाद आहेतच, दरवेळी वेगळे लिहीत नाही. फोनवर आपण दोघं एकदम बोलतो आणि मग रागावून दोघंही एकदमच फोन ठेवतो, म्हणून तुझं ऐकून पत्र लिहितोय. पस्तीस वर्षं टपाल खात्यात काढलेल्या बहिणीपुढे भावाचं काय चालणार!

बातमी अशी की तुझा दादा पुन्हा कामाला लागला. आमच्या नव्या इमारतीच्या पार्किंग कमिटीचा मी अध्यक्ष झालोय. कमिटीत मी एकटाच आहे, पण अध्यक्ष आहे. जकात नाक्यावर चौतीस वर्षं ट्रक अडवले, मग जकातच बंद झाली. तेव्हापासून माझे हात शिवशिवत होते असं तुझ्या वहिनीचं मत. विमला माझ्याबद्दल जे बोलते ते सहसा खरं निघतं, म्हणून मी वाद घालत नाही.

नकाशाप्रमाणे खाली दोन जागा राखीव आहेत. एक विजेच्या गाड्यांसाठी, चार्जरसकट. दुसरी अपंग चालकांसाठी, जमिनीवर निळ्या रंगात चाकाच्या खुर्चीचं चित्र काढलेली. दोन्हीकडे भलतेच लोक गाड्या लावतात. पाचव्या मजल्यावरच्या चंद्रप्रकाशने तर कमाल केली. त्याची गाडी रोज चार्जरला लावलेली दिसायची आणि मी रोज मान डोलवायचो की वा, काय पर्यावरणप्रेमी माणूस आहे. तीन आठवड्यांनी हर्षद, ज्याच्याकडे खरोखरची विजेची गाडी आहे, तो मला हाताला धरून खाली घेऊन गेला. चंद्रप्रकाशची गाडी पेट्रोलची. चार्जरची नळी त्याने पेट्रोलच्या झाकणाच्या फटीत नुसती खोचून ठेवली होती. ताडपत्रीखालचा माल वासावरून ओळखणारा म्हणून नाक्यावर माझं नाव होतं. हर्षद अजून हसतोय.

ती फजिती झाल्यावर मी निदान दुसऱ्या जागेचा तरी पक्का बंदोबस्त करायचं ठरवलं. सभेत तुझ्या पायाचा दाखला दिला. माझ्या बहिणीला दोन वर्षांची असताना पोलिओ झाला, उजव्या पायात कॅलिपर घालून तिने अख्खी नोकरी केली, अशा लोकांची जागा आपण बळकावतो, असं म्हणालो. दोन बायकांनी डोळे पुसले. ठराव मंजूर. आता त्या जागेच्या तोंडाशी आडवी पाडता येणारी लोखंडी कमान बसवली आहे, जमिनीत बोल्ट मारून. खाली कुलूप. किल्ली माझ्याकडे. आठ दिवसांत तिथे एक चाक लागलेलं नाही.

आता घर बघायला ये. जुन्या इमारतीत तीन मजले तुला पाठीवर घेऊन चढायचो, आता लिफ्ट आहे. रविवार सांग, मी येतो न्यायला.

दादा

•

बोरिवली पश्चिम
१७ जून २०२५

दादा,

सभेत माझा पाय काढलास ना? विचारायचं तरी. इथे मी तो साठ वर्षं ओढतेय आणि टाळ्या तुला.

तुझं अध्यक्षपद वाचून आनंद झाला. विमलावहिनीलाही झाला असणार, तू दिवसभर खाली असशील.

घर बघायला मी येणार. पण नीट वाच, तुला अर्धं वाचून उत्तर लिहायची सवय आहे. माझी मी येईन. तू न्यायला यायचं नाहीस, कोणाला पाठवायचं नाहीस. बासष्ट वर्षांत तुझ्या घरी मी एकदाही आलेली नाही, दरवेळी आणली गेले. कधी तुझ्या पाठीवरून, कधी तुझ्या स्कूटरवरून, कधी तू करून दिलेल्या रिक्षातून. रिक्षावाल्याला तू पत्ता असा समजावून सांगायचास जसं काही मी मुकी आहे. एकदा मला माझी मी येऊन तुझ्या दाराची बेल वाजवायची आहे. बाकी हौस फार उरली नाही, एवढी आहे.

तुझ्या त्या जागेची रुंदी किती? आणि कमान उघडायची कोणी?

माझं बरं चाललंय. दुपारी घरी नसते, तेव्हा फोन उचलला नाही तर पोलिसात जाऊ नकोस. मागच्या वेळी शेजारच्या रेवतीला तू माझ्या खिडकीतून डोकवायला लावलंस. ती अजून मला बघून ओशाळते.

नलू

•

मुलुंड पूर्व
२ जुलै २०२५

नलू,

माझ्या कामात तू इतका रस घेतलास याचं फार बरं वाटलं. घरात तर कोणी विचारत नाही. रुंदी तीन मीटर साठ सेंटिमीटर. तीनदा मोजली. पहिल्यांदा टेप उलटी धरली होती, ते सोड.

कमान उघडायची कोणी, तर अर्थात जो माझ्याकडून किल्ली नेईल त्याने. पद्धत बसवली आहे. बोर्ड लावलाय, स्वतः मजकूर केला: ‘जागा हवी असल्यास किल्ली ७०२ मधून न्यावी. मूळ प्रमाणपत्र सोबत आणावे. रजिस्टरमध्ये सही करावी. वेळ सकाळी १० ते १ व सायंकाळी ४ ते ७.’ एक ते चार मी आडवा होतो हे तुला माहीत आहे. अपंग माणसाला कोणीतरी घेऊनच येणार, तर जो घेऊन येईल त्याने वर येऊन किल्ली न्यायची, वाकून कुलूप काढायचं, कमान पाडायची. पाच मिनिटांचं काम. कुंडलिकला, म्हणजे आमच्या वॉचमनला, सांगून ठेवलंय की साक्षात ब्रह्मदेव आला तरी किल्लीशिवाय सोडायचं नाही.

तू एकटी येण्याचं मात्र डोक्यातून काढ. कशी येणार? टॅक्सीवाले भलतीकडे उतरवतात, तुझी कुबडी, त्यात पावसाळा. हट्टीपणा तुझा लहानपणापासूनचा आहे आणि तो मीच लाड करून वाढवला असं आई म्हणायची. मी येतो ना न्यायला. मला काय काम आहे?

दादा

•

मुलुंड पूर्व
२१ जुलै २०२५

नलू,

तुझं उत्तर नाही. टपाल खात्याने असं करावं? काल रविवारी तीनदा फोन लावला, तोही उचलला नाहीस. पोलिसात गेलो नाही, नोंद घे.

तोवर एक गंमत सांगतो. काल दुपारी दोनच्या सुमाराला एक पांढरी गाडी आली. चालवणारी एक बाई, एकटीच. कुंडलिकने अडवलं. ती म्हणाली, राखीव जागेत लावायची आहे. याने बोर्ड दाखवला. ती म्हणाली, तुम्ही उघडा. हा म्हणाला, किल्ली साहेबांकडे, साहेब झोपलेत, उठवू का? तर बाई म्हणे, नको, उठवू नका. चोराच्या मनात चांदणं! वीसेक मिनिटं गाडी तशीच उभी ठेवून बसली, मागच्यांनी हॉर्न वाजवले, मग गेली निघून. संध्याकाळी कुंडलिकने सांगितलं तेव्हा मी त्याची पाठ थोपटली. पद्धत चोख असली की माणूस झोपला तरी काम होतं. हे वाक्य मी जेवताना दोनदा म्हणालो. विमला ताटं उचलून आत गेली.

तिचंही काहीतरी बिनसलंय. सईने सकाळी फोन करून आईला सांगितलं की कोणीतरी जेवायला येईल, जास्तीचं कर. आपल्या लेकीचं हे असंच. विमलाने अळूचं फदफदं केलं, वालाची उसळ केली, शिरा केला. कोणी आलं नाही. शिरा मीच संपवला आणि म्हणूनच जरा गाढ झोप लागली. तुला फदफदं आवडतं म्हणून तुझी आठवण आली. असतीस तर बरं झालं असतं.

दादा

•

बोरिवली पश्चिम
२८ जुलै २०२५

दादा,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. हे चौथं.

ती पांढरी गाडी माझी. ती बाई मी.

अकरा महिने शिकत होते. दुपारी घरी नसायचे ती त्यासाठी. तुझ्या सईने शोधून दिलं सगळं, तिला रागावू नकोस, तुला सांगायचं नाही अशी शपथ मीच घातली होती. पाय लागतच नाही. स्टीअरिंगशेजारी एक दांडा बसवलाय, ढकलला की ब्रेक, ओढला की वेग. आधी मी नेमकं उलट करायचे. पहिल्या परीक्षेत नापास झाले, गाडी मागे घे म्हणाले तर मी पुढे गेले. शिकवणारा म्हणाला, आजी, घाई काय आहे? मी म्हटलं, बाबा, बासष्ट झाली, घाईच आहे. दुसऱ्यांदा पास झाले. लायसन्स हातात आलं त्या दिवशी ते उशाशी ठेवून झोपले, इतकी मी वेडी.

रविवारी जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याने आले. पवईच्या चढावर मागचा टेम्पो हॉर्न मारून मारून थकला. मी गाणी म्हणत होते, सुरात नव्हती. तुझ्या फाटकात आले तेव्हा वाटलं जिंकलं. आणि समोर तुझी कमान.

कुंडलिक भला माणूस आहे, त्याला काही बोलू नकोस. त्याने बोर्ड वाचून दाखवला. किल्ली सातव्या मजल्यावर. म्हणजे गाडी लावण्यासाठी मी आधी गाडी लावून, उतरून, वर जाऊन, सही करून, खाली येऊन, कॅलिपर घातलेल्या पायाने जमिनीपर्यंत वाकून कुलूप काढायचं. अपंग चालकांसाठी जागा, दादा. चालक. तूच पहिल्या पत्रात लिहिलंस ना? बाहेर रस्त्यावर दोन्हीकडे गाड्या, माझं दार पूर्ण उघडल्याशिवाय मला पाय बाहेर काढता येत नाही. तुला उठवू दिलं नाही कारण तू किल्ली घेऊन धावत आला असतास आणि म्हणाला असतास, अगं मला सांगायचं नाही का, मी आलो असतो. मग सगळं तिथेच संपलं असतं.

वीस मिनिटं नव्हे. चाळीस. वाटलं, उठशील, खिडकीतून बघशील. मग परत फिरले. येताना सव्वा तास, तुझ्या दारात चाळीस मिनिटं, जाताना दीड तास. बाथरूमला जायचं होतं. घरापर्यंत थांबलं नाही. बासष्टाव्या वर्षी स्वतःच्या नव्या गाडीची सीट पुसली. आधी हसले, मग रडले.

पद्धत चोख आहे तुझी.

नलू

•

मुलुंड पूर्व
३ ऑगस्ट २०२५

नलू,

काय लिहू? विमलाने पत्र आधी वाचलं आणि माझ्यासमोर ठेवून स्वयंपाकघरात गेली.  

मी गाढव आहे हे लिहून मोकळा होईन म्हणत होतो, पण तेवढ्याने भागणार नाही. खरं सांगतो. तू गाडी शिकलीस हे वाचून मला पहिल्यांदा आनंद झाला नाही. वाईट वाटलं. मला वाटलं, आता माझं काय काम? लाज वाटते लिहायला, पण असं वाटलं. आणि अजून एक. जुन्या इमारतीत तुला पाठीवर घेऊन चढायचो ना, तेव्हा मधल्या दोन्ही मजल्यांवर मी जरा थांबायचो. दम लागायचा म्हणून नाही. दारं उघडी असायची, लोकांनी बघावं म्हणून. नलिनीचा भाऊ किती करतो बघा. तुला पाठीवर घेऊन मी स्वतःची मिरवणूक काढत होतो आणि तुला वाटत असेल दादा दमला.

कमान मी बोल्टांसकट कापून टाकली. बोर्ड काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे चंद्रप्रकाशची गाडी. संध्याकाळी त्याच्या मेहुण्याची. कमान असली तर तुला येता येत नाही, नसली तर जागाच राहत नाही. मी खुर्ची टाकून त्या जागेत बसलो एक दिवस. हर्षद म्हणाला, काका, आता तुमच्यावर पार्किंगचा स्टिकर लावायचा का? उठलो.

मला सुचत नाही. तू सांग काय करू.

दादा

•

बोरिवली पश्चिम
११ ऑगस्ट २०२५

दादा,

तू गाढव आहेस हे तू पाच वर्षांचा असल्यापासून घरात माहीत होतं, आई सांगायची. मिरवणुकीचंही माहीत होतं. तू थांबलास की मी वरून लोकांना नमस्कार करायचे. मीही काही कमी नव्हते.

मी पुन्हा येईन. कधी ते सांगणार नाही. सांगितलं तर तू त्या दिवसापुरती जागा मोकळी करशील, फाटकात फुलं घेऊन उभा राहशील. मी येईन त्या दिवशी जागा मोकळी हवी, कुलूप नको, किल्ली नको, आणि तू खाली नको. तेवढं जमलं तर येईन. नाही जमलं तर गाडी फिरवून परत जाईन, मग मात्र तिसऱ्यांदा येणार नाही. रागाने म्हणत नाही. परत फिरणं मला झेपत नाही.

नलू

•

मुलुंड पूर्व
२ सप्टेंबर २०२५

नलू,

वीस दिवस काय केलं ते सांगतो, त्यात मोठेपणा काही नाही.

आधी नोटीस लिहायला बसलो. कलमं, पोटकलमं, दंड. विमलाने वाचली आणि म्हणाली, हे वाचून मीसुद्धा तिथे गाडी लावीन. फाडली. मग एकेका दारावर गेलो. चव्वेचाळीस दारं. काय सांगायचं ठरवलं नव्हतं, म्हणून जे झालं तेच सांगत गेलो. मी जागा राखली, कुलूप घातलं, वर शिरा खाऊन झोपलो, आणि खाली माझी बहीण चाळीस मिनिटं बसून परत गेली. सीटचं कोणाला सांगितलं नाही, काळजी करू नकोस. लोक हसले. बरेच हसले. दहाव्या दारापर्यंत कान तापायचे, पुढे सवय झाली. आता लिफ्टमध्ये लोक मला बघून गालात हसतात आणि जागेत गाडी लावत नाहीत. नोटिशीने हे झालं नसतं.

सगळेच तयार झाले असं नाही. चंद्रप्रकाश म्हणाला, ‘तुमची बहीण येणार असेल त्या दिवशी सांगा ना काका, दोन मिनिटांत गाडी काढतो.’ मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, दोन महिन्यांपूर्वी मीही हेच बोललो असतो. मी म्हटलं, ‘तिने आधी कोणाला तरी सांगायचं, मग कोणीतरी यायचं, मग तिने उतरायचं. बासष्ट वर्षं हेच चाललंय रे.’  गाडी त्याने चार दिवसांनी काढली. मधले चार दिवस मी काय हालात काढले, विमलाला विचार. रोज सकाळी उठून खिडकीतून आधी ती जागा बघायची, आज नको येऊस गं बाई, असं म्हणायचं, मग चहा.

गणपतीचा मांडव त्याच जागेवर घालायचं घाटत होतं, मोकळी आहे म्हणून. माझ्या जागेवर घाला म्हटलं. तेव्हा माझी गाडी सध्या दोन गल्ल्या पलीकडे आहे आणि बाप्पा माझ्या नंबरावर बसलेत. आरतीला चंद्रप्रकाशचा तोच मेहुणा आला, सवयीने तिकडे वळला. मी हातातले टाळ ठेवून निघालोच होतो, तर चंद्रप्रकाशनेच त्याला ओरडून बाहेर काढलं. मी टाळ उचलले आणि चुकीच्या आरतीत वाजवले.

कधी येतेस विचारत नाही. नुसतं लिहिलं.

दादा

•

मुलुंड पूर्व
१९ सप्टेंबर २०२५

नलू,

परवा तू होतीस तेव्हा मला बोलता येत नव्हतं, म्हणून आता लिहितोय.

दाढ काढून आलो होतो. तोंडात कापूस, अर्धा गाल बधिर. फाटकातून आत शिरलो आणि समोर राखीव जागेत ती पांढरी गाडी. कुंडलिक खुर्चीत बसून पेपर वाचत होता. मी हातवारे करून विचारलं, कधी आली? तो म्हणाला, ‘झाला अर्धा तास. आल्या, लावली, वर गेल्या. मी कशाला उठू? त्यांची जागा आहे.’

वर आलो तेव्हा तू माझ्या खुर्चीत बसून विमलाच्या हातचं थालीपीठ खात होतीस. म्हणालीस, बेल मीच वाजवली, एकदा पुरली असती पण तीनदा वाजवली. विमला म्हणाली, घरात आग लागली की काय असं वाटलं. मग तू सगळं घर फिरलीस, कपाटं उघडून बघितलीस, बाल्कनीतल्या कुंड्या वाळल्यात म्हणून मला ओरडलीस. मी ऊं ऊं करत मागे मागे. विमला म्हणाली, यांची दर महिन्याला एक दाढ काढावी. तुम्ही दोघी इतक्या हसलात की मलाही हसायचं होतं, पण गाल हलेना.

निघताना तू विचारलंस, दादा, डोळे किती लाल झालेत, फार दुखतंय का? मी गालाकडे बोट दाखवलं.

ते खोटं होतं. गाल बधिर होता, काही दुखत नव्हतं. वर यायच्या आधी मी वीस मिनिटं तुझ्या गाडीपाशी उभा होतो. काचेतून तो दांडा बघितला. मुठीला तू जुन्या साडीची पट्टी गुंडाळली आहेस, आणि ती हाताच्या घामाने काळी पडून विरली आहे. एवढं चालवलंस तू आणि मला कळलं नाही. मी तिथेच उभा राहून रडलो, नलू. हर्षद बघून गेला, काही बोलला नाही, हे त्याचे उपकार.

मग तू गेलीस तेव्हा खाली आलो नाही. बाल्कनीतून बघितलं. जड गेलं.

आता कधी येशील ते कळवू नकोस. जागा मोकळी असेल.

दादा